यादीत सगळ्यांचा मोबाइल २१४७४८३६४७! आणि ही संख्या मूळ आहे म्हणे?

पंचवटीकर

सोसायटीच्या सभासदांची माहिती वेब-फॉर्मवरून घेतली आहे. साठवण मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये. यादी एक्सेलमध्ये उतरवली तर मोबाइलच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा: २१४७४८३६४७. काहींनी लँडलाइन दिला होता. त्यातले पुण्याचे नंबर जसेच्या तसे आलेत, नाशिकचे मात्र सगळे याच आकड्यावर येऊन बसलेत. पिनकोडला काही झालेलं नाही.

दोन प्रश्न आहेत. एक, हे का होतं आणि दुरुस्त कसं करायचं? दुसरा जरा अवांतर: हा आकडा शोधला तर ही मूळ संख्या आहे असं कळलं. दहा अंकी संख्या मूळ आहे हे कागदावर दाखवता येतं का, की संगणक सांगेल ते मुकाट ऐकायचं?

सातपूरचा_डेटाबेस

रकाना इंट (पूर्णांक) प्रकारचा केलाय. इंट म्हणजे ३२ बिट, त्यातला एक चिन्हासाठी, उरले ३१. एकतीसच्या एकतीस बिट १ ने भरले की होतात २^३१ − १ = २१४७४८३६४७. त्याच्या वर जागाच नाही. स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर मायएसक्यूएल मोठा आकडा नाकारत नाही. मावेल तो कमाल आकडा लिहून टाकतं आणि एक वॉर्निंग देतं, जी फॉर्मचा कोड कधी वाचतच नाही. आपल्याकडचा मोबाइल ६, ७, ८ नाहीतर ९ ने सुरू होतो, म्हणजे लहानात लहान नंबरही सहा अब्जांच्या वर. एकही बसणं शक्य नाही.

५.७ आवृत्तीपासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो आणि अशी नोंद 'आउट ऑफ रेंज' म्हणून परत फिरते. तुमच्याकडे एकतर जुनी आवृत्ती आहे किंवा कोणीतरी मोड काढून ठेवलाय.

बहुतेक ठिकाणी रकान्याची व्याख्या इंट(१०) अशी सापडते. कंसात १० लिहिलं म्हणजे दहा अंक मावतात, हा हमखास गैरसमज. तो कंस फक्त दाखवण्याच्या रुंदीचा आहे, क्षमतेत बिटाचाही फरक पडत नाही.

आडगाव_नाका

पुणेकरांचे बरोबर आणि नाशिककरांचे चुकले. चालायचंच. 😀

सातपूरचा_डेटाबेस

@आडगाव_नाका, याला गणिती कारण आहे हो. सुरुवातीचा ० आकड्यात टिकत नाही. पुण्याचा कोड ०२०, म्हणजे नंबर २० ने सुरू होऊन पुढे आठ अंक: फार तर २०९९९९९९९९. मर्यादेच्या आत. नाशिकचा ०२५३, पुढे सात अंक: २५३००००००० च्या वरच. मर्यादेबाहेर. मुंबईचा ०२२ सुद्धा बाहेर पडतो. सहा अंकी पिनकोडला अर्थातच काही होत नाही.

आता कोणीतरी सुचवेल की रकाना अनसाइन्ड (चिन्हाचा बिट नसलेला) करा. तसं केलं तर मर्यादा ४२९४९६७२९५ होते. नाशिकचे लँडलाइन बसतील, मोबाइल तरीही नाहीत. यादीत सगळीकडे ४२९४९६७२९५ दिसेल एवढाच बदल. बिगइंटमध्ये (६४ बिटांचा पूर्णांक) मावेल, पण सुरुवातीचा शून्य आणि +९१ गळतील. फोन नंबरची कोणी बेरीज करत नाही, तो मजकूरच आहे. व्हारकार(१६), म्हणजे सोळा अक्षरांपर्यंतचा मजकूर, करा: आंतरराष्ट्रीय नंबरला जास्तीत जास्त १५ अंक आणि पुढे अधिक चिन्ह.

गोदाकाठी

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. कागदावर नक्की दाखवता येतं, ऑयलर या गणितज्ञाने तसंच दाखवलं. १७७२ मध्ये त्याने बर्नूलीला पत्रातून हे कळवलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्यानंतर कित्येक दशकं ही जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती.

नुसत्या धडाक्याने करायचं तर वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. वर्गमूळ ४६३४० आणि थोडं, तिथपर्यंत पावणेपाच हजारांच्या वर मूळ संख्या आहेत. ऑयलरने एवढे भागाकार केले नाहीत. कोणते भाजक असूच शकत नाहीत हे त्याने आधी ठरवलं.

समजा भ ही मूळ संख्या २^३१ − १ ला भागते. म्हणजे भ ने भागल्यावर २^३१ ची बाकी १. आता २ चे घात एकेक वाढवत जा आणि बाकी पहिल्यांदा १ कधी येते ते बघा. तो पहिला घातांक ३१ ला भागणारा असलाच पाहिजे. ३१ मूळ आहे, म्हणून तो १ किंवा ३१. तो १ असता तर २ चीच बाकी १ आली असती, म्हणजे भ ने १ ला भागलं असतं. तेव्हा ३१ च. फर्माच्या नियमाने २^(भ−१) ची बाकीही १ असते, म्हणून ३१ ने भ − १ ला निःशेष भाग जातो. भ विषम, म्हणून भ − १ सम. एकूण भ = ६२क + १.

दुसरी चाळणी: २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग. म्हणजे भ च्या दुनियेत २ ही पूर्ण वर्ग ठरते, आणि असं फक्त भ ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ येते तेव्हाच घडतं. ६२क + १ ला ही अट लावली की क ला ४ ने भागून बाकी ० किंवा १ च उरते. म्हणून भाजक दोनच साच्यांतले: २४८न + १ किंवा २४८न + ६३.

आता मोजा. ४६३४० पर्यंत पहिल्या साच्यात १८६ संख्या. दुसऱ्यातही १८६ (६३ स्वतः सोडून, ती ९ × ७). एकूण ३७२. यातल्याही बहुतेक संयुक्त आहेत: २४९ = ३ × ८३, ४९७ = ७ × ७१, ५५९ = १३ × ४३. त्या गाळल्या की साधारण ऐंशी भागाकार उरतात. पहिले तीन करून दाखवते:

३११ ने भाग: ६९०५०९२ वेळा, बाकी ३५
१३०३ ने भाग: १६४८१०७ वेळा, बाकी २२६
१४८९ ने भाग: १४४२२३२ वेळा, बाकी १९९

उरलेले करायला एक रविवार आणि एक वही पुरते. मध्येच चूक झाली तर? बाकी शून्य नसताना शून्य आली तर लगेच गुणून तपासता येतं. उलटी चूक, म्हणजे खरा भाजक हातून निसटणं, शोधायला मात्र काही उपाय नाही, सगळं पुन्हा करणं एवढाच. काटाल्डीने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला घातांक २३, २९, ३१ आणि ३७ चारही ठिकाणी मूळ संख्या मिळते असं म्हटलं होतं. बरोबर निघाली फक्त ३१ ची. २९ च्या बाबतीत २३३ हा भाजक आहे, आणि २३३ = ५८ × ४ + १, वरच्याच साच्यातला.

पंचवटीकर

वाचनखूण साठवली. घातांक स्वतः मूळ असला की काम भागतं का? ३१ मूळ म्हणून २^३१ − १ मूळ, असं?

गोदाकाठी

नाही, तिथेच लोक फसतात. घातांक मूळ असणं आवश्यक आहे, पुरेसं नाही. घातांक संयुक्त असेल तर काम तमाम: २^३२ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ (ही तीच वर आलेली अनसाइन्ड मर्यादा). पण घातांक ११ मूळ असूनही २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. मर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने १६४४ मध्ये मूळ संख्या देणाऱ्या २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली, त्यात ६७ आणि २५७ चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. ६७ चं अवयवीकरण १९०३ मध्ये कोलने दाखवलं: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

बायनरी_बुवा

कागदाचं झालं, आता प्रोग्रामचं. कारण नेमकी हीच संख्या शाळा-कॉलेजातल्या 'मूळ आहे का' या प्रोग्रामचा निकाल लावते. सगळे लिहितात ते असं: क = २ पासून सुरू, जोवर क×क <= न तोवर, न ला क ने भाग गेला तर 'मूळ नाही'. सी किंवा जावा, सगळं इंटमध्ये.

न = २१४७४८३६४७ द्या. क ४६३४० झाला तेव्हा वर्ग २१४७३९५६००, ठीक. पुढचा ४६३४१, त्याचा वर्ग २१४७४८८२८१. हा इंटमध्ये मावत नाही, गुंडाळला जातो आणि −२१४७४७९०१५ होतो. उणे आकडा न पेक्षा लहानच, त्यामुळे लूप थांबत नाही. थांबणारही कसं? न हाच इंटचा कमाल आकडा आहे, 'क×क <= न' ही अट कुठल्याही इंटसाठी खरीच. लूप चालत चालत क = २१४७४८३६४७ पर्यंत जातं, तिथे न ला न ने भाग जातो आणि उत्तर येतं 'मूळ नाही'. मिनिटभर पंखा फिरवून चुकीचं उत्तर. जावामध्ये हे असंच होतं. सीमध्ये असं ओसंडणं अव्याख्यात, कंपायलर मनाला येईल ते करू शकतो.

दुरुस्ती एका ओळीची: अट क <= न / क अशी लिहा. गुणाकारच नको म्हणजे ओसंडायचा प्रश्न नको. किंवा क ला ६४ बिटांचा करा: जावामध्ये लाँग, सीमध्ये लाँग लाँग.

आणि फ्लोटच्या वाटेला जाऊ नका. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये २४ बिटांचाच नेमकेपणा आहे, तिथे २१४७४८३६४७ साठवली की २१४७४८३६४८ होते. सम संख्या! मूळपणा कसला तपासताय.

आडगाव_नाका

पायथॉनमध्ये असलं काही होत नाही.

बायनरी_बुवा

होत नाही, मान्य. पायथॉनचा पूर्णांक लागेल तसा फुगतो. पण नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी वापरलीत आणि अ‍ॅरे ३२ बिटांचा असला की पुन्हा तेच, तेही बिनबोभाट.

ताळेबंद

भागाकाराच्या पलीकडची पद्धत कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. लुकास–लेमर चाचणी. मर्सेन संख्यांपुरतीच, म्हणजे २^प − १ या साच्यातल्या, चालते, पण तिथे तिला तोड नाही.

४ ने सुरुवात. दर पायरीला वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी घ्या. घातांक प असेल तर अशा प − २ पायऱ्या. शेवटी ० आलं तर मूळ, नाही आलं तर संयुक्त. घातांक ७, संख्या १२७, पायऱ्या ५:

४ → १४ → ६७ → ४२ → १११ → ०. मूळ.

घातांक ११, संख्या २०४७, पायऱ्या ९:

४ → १४ → १९४ → ७८८ → ७०१ → ११९ → १८७७ → २४० → २८२ → १७३६. शून्य नाही, संयुक्त. भाजक कोणता ते ही चाचणी सांगत नाही, तेवढं मनाशी धरा.

३१ साठी फक्त २९ पायऱ्या. आता खरी गंमत. बाकी काढायला भागाकार लागतच नाही, कारण हा नवाचा ताळा आहे. १० ला ९ ने भागलं की बाकी १, म्हणून दशक, शतक, हजार सगळ्यांची किंमत १, म्हणून ताळ्यात अंकांची नुसती बेरीज करतो. इथे २^३१ ला २^३१ − १ ने भागलं की बाकी १. तेव्हा बायनरीत संख्येचे उजवीकडून ३१-३१ बिटांचे तुकडे पाडायचे आणि बेरीज करायची. बस. प्रोसेसरला एक शिफ्ट, एक मास्क, एक बेरीज. १२७ ला हेच ७ बिटांनी: ४४८७ = ३५ × १२८ + ७, म्हणून ३५ + ७ = ४२. वरच्या ओळीत तीच ४२ आहे बघा.

यात तीन खड्डे आहेत. पहिला आणि सगळ्यांत जास्त लोक पडतात तो: शेवटची पायरी. १११ चा वर्ग वजा २ = १२३१९ = ९६ × १२८ + ३१. ताळा केला तर ९६ + ३१ = १२७. शून्य नाही, १२७! शाळेत ताळ्यात ९ आला की आपण ० धरतो, तेच इथे करायचं: उत्तर मर्सेन संख्येएवढंच आलं तर ते शून्य. ही एक ओळ विसरली की प्रोग्राम प्रत्येक मूळ मर्सेन संख्येला संयुक्त म्हणतो आणि माणूस दिवसभर पुस्तकातला सिद्धांत तपासत बसतो.

दुसरा: मधल्या पायरीत ० किंवा १ आलं तर वर्ग वजा २ उणे होतं. वजा करायच्या आधी मर्सेन संख्या मिळवून घ्या. तिसरा: वर्गाला ६२ बिट लागतात, तेव्हा ६४ बिटांचा प्रकार हवा. एक्सेलमध्ये करायला जाल तर १५ अंकांपुढे ते शून्यं भरतं. घातांक १९ आणि २३ तिथे बरोबर निघतात, ३१ ला वर्ग १९ अंकी होऊन सगळं कोसळतं.

रेषा_गणित

छान प्रतिसाद. फर्मा चाचणी सोपी पडणार नाही का? २ चा (न − १) घात घ्यायचा, बाकी १ आली की झालं. त्यात संख्या मर्सेन असायची अटही नाही.

ताळेबंद

२ पाया घेऊन मर्सेन संख्यांवर फर्मा चाचणी म्हणजे आरोपीलाच साक्षीदार करणं. २^प ची बाकी व्याख्येनेच १ आहे. न − १ = २^प − २, याला प ने भाग जातोच. म्हणून २^(न−१) ची बाकी १ येणारच, न मूळ असो वा नसो. २०४७ = २३ × ८९ ही चाचणी ऐटीत पास होते. तिची कडक आवृत्ती, मिलर–राबिन, तीही २ पाया घेतला तर २०४७ वर फसते. तशी फसवणारी सर्वांत लहान संख्या हीच.

३ पाया घ्या, निदान हा फुकटचा होकार तरी टळेल. ३२ बिटांतल्या कुठल्याही संख्येसाठी मिलर–राबिनला २, ७ आणि ६१ हे तीन पाये पुरतात. ४७५९१२३१४१ च्या खाली ही तिघं मिळून एकदाही चुकत नाहीत. म्हणजे तो 'बहुधा मूळ' न राहता पक्का निकाल होतो.

देवळाली_कॅम्प

नाशिककरांच्या धाग्यावर कापरेकरांचं नाव अजून कसं नाही आलं? दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६), देवळालीचे शाळामास्तर. ६१७४ (कापरेकर स्थिरांक) सगळ्यांना माहीत असतो, पण त्यांचं दुसरं एक काम या संख्येला फार सुंदर लागू पडतं.

कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ पासून २४ मिळते. २१ ही २४ ची जनक. काही संख्यांना जनकच नसतो, त्या स्वयंभू. त्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात. काहींना मात्र एकाहून जास्त जनक असतात. त्यांना कापरेकरांनी जंक्शन म्हटलं. सर्वांत लहान जंक्शन १०१: ९१ + १० आणि १०० + १. मनमाडला दोन लाइनी मिळतात तसं.

तर २१४७४८३६४७ चे जनक शोधू. जनक थोडाच लहान असणार, म्हणून पुढचे आठ अंक २१४७४८३६ तेच धरू. त्यांची बेरीज ३५. शेवटचे दोन अंक अ आणि ब. अट: १०अ + ब + ३५ + अ + ब = ४७, म्हणजे ११अ + २ब = १२. अ = ०, ब = ६. जनक २१४७४८३६०६, अंकांची बेरीज ४१, आणि ६०६ + ४१ = ६४७. जमलं.

आता पुढचे आठ अंक २१४७४८३५ धरा, बेरीज ३४. अट: ११अ + २ब = १४७ − ३४ = ११३. अ = ९, ब = ७. जनक २१४७४८३५९७, बेरीज ५०, ५९७ + ५० = ६४७. हेही जमलं! आणखी खाली गेलं तर २१४ लागतात, पण ११अ + २ब फार तर ११७ होतो. तेव्हा जनक बरोब्बर दोन. ही जंक्शन संख्या आहे.

रेषा_गणित

वा! पण याचा मूळपणाशी संबंध?

देवळाली_कॅम्प

काडीचाही नाही. ही दशमान लिखाणाची गंमत, पाया १० सोडून ८ घेतला की चित्र पार बदलतं. मूळपणा पायावर अवलंबून नसतो. तरीही आकडे मांडून बघितले: मर्सेन मूळ संख्यांपैकी ३, ७, ३१ स्वयंभू. १२७ चा जनक १२२, ८१९१ चा ८१६८, १३१०७१ चा १३१०६०, ५२४२८७ चा ५२४२६४, प्रत्येकी एकेकच. पहिलं जंक्शन ही आठवी. म्हणजे घातांक ३१ स्वयंभू आणि त्याच्यापासून झालेली संख्या जंक्शन. चूभूद्याघ्या, पण पडताळून टाकलंय.

गोदाकाठी

@देवळाली_कॅम्प, १३१०७१ ला दुसरा जनक नाही ना? पुढचे अंक १३०९ धरले तर १७१ − १३ = १५८, ११७ च्या वर. नाही. बरोबर आहे तुमचं.

आठवी आलीच आहे तर: या संख्येला २^३० ने गुणलं की आठवी परिपूर्ण संख्या मिळते, २३०५८४३००८१३९९५२१२८. स्वतःला सोडून सगळ्या भाजकांची बेरीज तेवढीच. इंग्लंडच्या पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहून ठेवलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण असल्या निरुपयोगी गोष्टीमागे पुढे कोण लागणार. १८७६ मध्ये लुकासने २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं. २०२४ मध्ये सापडलेला घातांक १३६२७९८४१ आहे आणि संख्या चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकी. 'कधीच नाही' असं गणितात जपून लिहावं.

बायनरी_बुवा

निरुपयोगी म्हणाला का? मग यादृच्छिक आकड्यांचं घ्या. न मूळ आणि न − १ चे अवयव लहान: २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ = २१४७४८३६४६. अवयव पूर्ण माहीत असले की एखाद्या संख्येचे घात किती लांब फिरून १ वर परत येतात हे सात तपासण्यांत ठरतं. ७ चे घात पूर्ण फेरी मारतात, १ पासून न − १ पर्यंत एकही संख्या न सोडता. ३ आणि ५ ची फेरी अपुरी पडते, २ तर ३१ पावलांतच घरी. (अशी पूर्ण फेरी मारणारी संख्या असणं हाच मूळपणाचा आणखी एक पुरावा आहे, संयुक्त संख्येत ते अशक्य.)

७ फारच लहान, म्हणून ७^५ = १६८०७ घेतात. ५ हा न − १ चा भाजक नाही, त्यामुळे फेरी पूर्णच राहते. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी हाच जनरेटर किमान दर्जा म्हणून सुचवला: आधीचा आकडा गुणिले १६८०७, न ने भागून बाकी. १ पासून सुरू केलं की १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३... आणि दहा हजारावा १०४३६१८०६५. तो आला नाही तर तुमच्या कोडमध्ये ओसंडलंय, दुसरं काही नाही.

६४ बिट नसतील तर भागाकार आधी करा: न = १६८०७ × १२७७७३ + २८३६. आकड्याला १२७७७३ ने भागा, बाकीला १६८०७ ने गुणा, भागाकाराला २८३६ ने गुणून वजा करा, उणे आलं तर न मिळवा. काहीच ३१ बिटांबाहेर जात नाही. सुरुवात ० ने करू नका, शून्याचं शून्यच राहतं.

आणि पार्किंगच्या सोडतीला किंवा ओटीपीला हा वापरू नका. एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात, कारण आकडा हीच त्याची आतली स्थिती.

आडगाव_नाका

२०३८ चं ते काय असतं? तेही याच आकड्याचं ना?

सातपूरचा_डेटाबेस

तेच. १९७० च्या पहिल्या क्षणापासून सेकंद मोजत ३२ बिटांत ठेवले की १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी मोजणी २१४७४८३६४७ वर पोचते. पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प हा तारीख-वेळेचा प्रकार तिथेच संपतो, डेटटाइम हा दुसरा प्रकार संपत नाही. @पंचवटीकर, सभासदत्वाची मुदत टाइमस्टॅम्पमध्ये ठेवली असेल तर रकाने बदलताना तोही बदला. वीस वर्षांच्या कर्जाची शेवटची तारीख आजच त्या रेषेपलीकडे जाते.

रेषा_गणित

अवांतराला अवांतर: ३ घातांक घेतला की ७, ७ घेतला की १२७, १२७ घेतला की पुन्हा मूळ. मग २१४७४८३६४७ हाच घातांक घेतला तर?

गोदाकाठी

मोह पडतो खरा, पण साखळी तुटते. ३१ पासून ही आली, हिच्यापासून पुढची संयुक्त निघाली. ती संख्या चौसष्ट कोटींहून जास्त अंकी आहे, लिहून काढायची सोय नाही. तरी भाजक सापडला, कारण तोच साचा: २ × २१४७४८३६४७ × क + १. क = ६८७४५ ला २९५२५७५२६६२६०३१ मिळते आणि ती निःशेष भागते. पडताळणीला ती अगडबंब संख्या लागत नाही. २ चा वर्ग, त्याचा वर्ग असं ३१ वेळा करत दर वेळी २९५२५७५२६६२६०३१ ने बाकी घ्यायची. २^(२^३१) ची बाकी २ आली की झालं. पायथॉनच्या पॉव या घात काढणाऱ्या फंक्शनला तिसरा आकडा (ज्याने बाकी घ्यायची तो) दिला की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. तिसरा आकडा विसरलात तर मशीन आधी ती चौसष्ट कोटी अंकांची संख्या मांडायला बसेल, मग बसा वाट बघत.

पंचवटीकर

तपासलं. रकाना इंट(१०), आवृत्ती ५.५, स्ट्रिक्ट मोड बंद. तिन्ही अंदाज बरोबर. व्हारकार(१६) केला, नवीन नोंदी नीट येताहेत. जुने नंबर परत मिळतील का?

सातपूरचा_डेटाबेस

रकान्यातून नाही. सहा अब्ज असो की नऊ, सगळ्यांचा २१४७४८३६४७ झाला, त्यातून मागे जायला वाट नाही. पण सर्व्हरवर बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) चालू होता का ते बघा. ५.५ मध्ये तो मुळात स्टेटमेंट पद्धतीचा असतो, म्हणजे फॉर्मने पाठवलेली मूळ इन्सर्ट ओळ, खऱ्या नंबरासकट, त्यात जशीच्या तशी पडून असते. मायएसक्यूएलबिनलॉग हे साधन चालवून त्या ओळी वेगळ्या फाइलीत काढा आणि सभासद क्रमांकाने जुळवून अपडेट करा. रो पद्धत लावलेली असेल तर उपयोग नाही, तिथे छाटलेलाच आकडा नोंदलेला असतो. मुदत लावलेली असेल तर जुने लॉग ठरावीक दिवसांनी पुसले जातात. काहीही करायच्या आधी ती फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

आणि पुण्याचे ते 'बरोबर' नंबर एकदा उघडून बघा. त्यांचाही सुरुवातीचा शून्य गेलेला असणार.